कांद्याच्या वाफ्यातला खड्डा

आमच्या घरात कांदा येत नसे, आणि आमच्या भिंतीला लागूनच शेलूबाजारातली कांद्याची सगळ्यात चांगली वाडी होती. हायवेकडे तोंड करून आमचं धान्याचं दुकान, दुकानामागे घर, घरावर सिमेंटची गच्ची. गच्चीवरून खाली वाकून पाहिलं की तुळशीराममामांची भाजीची वाडी दिसे : एका बाजूला आमची भिंत, समोर त्यांचं पत्र्याचं घर, एका अंगाला हायवे आणि काटेरी कुंपण, दुसऱ्या अंगाला विहीर. मामा आमचे नात्याने कोणी नव्हते. त्यांची मुलगी कुसुम माझ्याच वर्गात होती आणि तिच्या आईला मी मामी म्हणत असे, म्हणून ते मामा. त्यांच्या वाडीतली वांगी, भेंडी, कोथिंबीर, दोडकी आमच्या घरात येत आणि जमिनीखाली वाढणारं सगळं भिंतीपलीकडे राही. उन्हाळ्यात कांदा काढला की त्याचा वास मात्र भिंत मानत नसे. आई नाकाला पदर लावून म्हणे, "आला पाहुणा." आणि अजितकाका डोळे मिटून लांब श्वास घेई, जणू कोणी अत्तराची कुपी उघडली आहे.

अजितकाका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. बी.ए. झालेला, लग्न न झालेला, ग्रामसेवकाच्या नोकरीची ऑर्डर आज येईल उद्या येईल म्हणून पोस्टमनला रोज चहा पाजणारा. आमचं जेवण दिवस मावळायच्या आत व्हायचं. थंडीत तर दुपारचा चहा निवतो न निवतो तोच आई भाकरी थापायला बसे. तव्यावर पडणाऱ्या भाकरीचा आवाज, दुकानातल्या चाळणीची खसखस आणि हायवेवर गिअर बदलणाऱ्या ट्रकची कण्हणी, हे तीन आवाज एकत्र आले की आमच्या घरात संध्याकाळ झाली असं समजायचं. काका हमखास शेवटच्या भाकरीला उगवे. "सूर्य काय तुमची वाट पाह्यते का, भाऊजी?" असं आई म्हणे. काका पाटावर बसता बसता ठेच्याकडे बोट दाखवून म्हणे, "वयनी, लसणाशिवायचा ठेचा म्हनजे नवरदेवाशिवायची वरात." कधीकधी त्याला भूकच नसे आणि तोंडात मूठभर बडीशेप असे. अशा दिवशी आई फक्त भिंतीकडे पाही, मग काकाकडे पाही, आणि बडीशेपेचा डबा आणखी जवळ सरकवी. काका मामींकडे कांदा घातलेला झुणका खाऊन येई, आणि तसा झुणका काय असतो हे मला पुढे होस्टेलात गेल्यावर कळलं, आणि काकाबद्दलचा माझा आदर एकदम वाढला.

काकाचा दुसरा नाद म्हणजे गलोल. गच्चीवर आई तूर वाळत घाली, मुगवड्या घाली, आणि त्या खायला काळ्या तोंडाची वांदरं येत. आता जैनाच्या घरात गलोल म्हणजे देवळात चप्पल. वडिलांनी, म्हणजे आम्ही ज्यांना भाऊ म्हणत असू त्यांनी, त्याला कितीतरी वेळा हटकलं होतं. काकाचं उत्तर तयार असे. "भाऊ, मी वांदराले गोटा मारतच नाही. मी वांदराच्या आजूबाजूले मारतो. त्याच्या मनाले लागला पाहिजे, आंगाले नाही." भाऊ चष्म्यावरून पाहत म्हणत, "म्हनजे तुहा नेमच चुकवायचा हाये?" "हो नं!" "मंग येवढी प्रॅक्टिस कायले करतं?" यावर काका गलोलीचं रबर ताणून पाहू लागे. पण खरं सांगायचं तर त्याचा एकही गोटा वांदराला लागलेला कोणी पाहिला नव्हता. वांदरं मामांच्या घरापुढच्या पेरूच्या झाडावर पळत, तिथून आमच्याकडे पाहून दात विचकत, आणि काका गच्चीवरून त्यांना भाषण देई.

भाषणाची त्याला आवडच होती. त्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही दोन्ही घरं मिळून एक जीप करून लोणारला गेलो. मामी आणि आई पुढे, आम्ही मुलं मागे, आणि काका व मामा जीपच्या मागच्या फळीवर पाय सोडून. लोणारच्या काठावर सगळे ओळीने उभे राहून खाली वाकले. एवढा मोठा गोल खड्डा आणि तळाशी ते हिरवट पाणी. पहिल्यांदा आवाज फुटला तो अर्थात काकाचा. "आभायातून गोटा पडला, त्यानं झालं हे," तो मामांना म्हणाला. "आता पाहा तुळशीराम, खड्डा कसा हाये? परातीसारखा गोल. म्हनजे गोटा कसा पडला असन? सरळ. वरून खाली, धपकन. तिरपा आला असता तर खड्डा नदीतल्या डोंग्यासारखा लांबट झाला असता. हे सायन्स हाये." मामांना ते इतकं पटलं की परतीच्या वाटेवर त्यांनी जीपच्या ड्रायव्हरलाही ते सांगितलं. पुढचे काही दिवस वाडीवर भाजी घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगितलं. 'गोल खड्डा, सरळ गोटा' ही जणू म्हणच होऊन बसली.

मला ते पटलं होतं की नाही, हे आठवत नाही. दहावीत होते, आणि काका बी.ए. होता. पण एक दिवस दुकानात वेगळंच झालं. भाऊ रांगोळीचं पोतं उघडून ठेवून गिऱ्हाइकाला सुपारी मोजून देत होते. लाकडी फळीवरून एक सुपारी घरंगळली, उडाली, आणि तिरपी जाऊन रांगोळीत घुसली. मी पाहिलं तर खड्डा अगदी गोल, वाटीसारखा. पण उडालेली रांगोळी सगळी एकाच बाजूला, म्हणजे नेमकी भाऊंच्या नव्या काळ्या पँटीवर. अलीकडची बाजू कोरी. मी संध्याकाळी जेवताना काकाला म्हटलं, "काका, सुपारी तिरपी पडली तरी खड्डा गोलच झाला." काकाने भाकरीचा तुकडा हवेत थांबवला. "नंदे, लोणार अन् सुपारी! कुठी राजा भोज, कुठी तुह्या बापाची पँट!" सगळे हसले, भाऊसुद्धा. मीही हसले. पण दुसऱ्या दिवसापासून दुकानातल्या प्रत्येक पोत्यात काही ना काही टाकून पाहायची मला खोड लागली. रव्यात हरभरा, बेसनात शेंगदाणा, राजगिऱ्यात चिंचोका. आईने रव्यात हरभरे सापडल्यावर दुकानातल्या नोकराला रागावलं, आणि तो बिचारा पोत्याला उंदीर लागला म्हणून सांगत राहिला.

त्याच सुमारास हायवेचं काम सुरू झालं. आता तिथे एवढा रुंद रस्ता आहे की पलीकडच्या माणसाला हाक मारावी तर फोन करावा लागतो. तेव्हा मात्र एकच पट्टा होता. तो उखडून त्यावर गिट्टी, म्हणजे फोडलेली खडी, पसरली होती, आणि रोलर कुठेतरी बंद पडला म्हणून ती तशीच मोकळी पडून होती. ट्रक गेला की चाकाखाली कडकड आवाज व्हायचा आणि धुळीचा लोट दुकानात शिरायचा. आई दिवसातून कितीदा तरी काउंटर पुसायची. काकाची मात्र चंगळ झाली. गलोलीसाठी गोटे शोधायला आता लांब जावं लागत नव्हतं. तो खिसा भरून गिट्टी आणायचा आणि पँट धुताना आईच्या हाताला ती लागायची.

त्या दिवशी दुपारी मी शाळेतून येऊन भाजलेल्या तुरीच्या शेंगा खात बसले होते. मामांनी कांद्याच्या रोपासाठी वाफा तयार केला होता. काळी माती चाळून चाळून मैद्यासारखी केलेली, फळीने सपाट ओढलेली, आणि बी टाकल्यावर मुंग्या लागू नयेत म्हणून वर चुलीतली राख शिंपडलेली. दुसऱ्या दिवशी बी पडणार होतं. कुसुम विहिरीच्या बाजूला बसून वाफ्याची कड हाताने बांधत होती. गच्चीवर काका वांदरांशी बोलत होता. एवढ्यात कुसुमची किंकाळी ऐकू आली.

मी धावत भिंतीजवळच्या फाटकातून गेले तेव्हा ती कपाळ धरून बसली होती आणि बोटांमधून रक्त गळत होतं. डोळा दिसतच नव्हता. मामी नुसत्या ओरडत होत्या. मामांनी डोक्याचा दुपट्टा काढून तिच्या कपाळाला दाबला, तिला उचललं, आणि हायवेवर जाऊन पहिली जीप थांबवली. ती मंगरूळच्या दवाखान्याकडे निघून गेली. मी तिथेच उभी राहिले. कुसुम बसली होती तिथे एक रक्त लागलेली गिट्टी पडली होती. आणि वाफ्याच्या मधोमध दुसरी पडली होती, तिचा खड्डा झाला होता. वाटीएवढा. गोल.

कुसुमचा डोळा वाचला. गोटा भुवईवर लागला होता, तीन टाके पडले. पण ती परत येईपर्यंत वाडीत माणसं जमली होती, आणि माणसं जमली की त्यांना गुन्हेगार लागतो. गलोलवाला माणूस गच्चीवरच उभा होता. मामा जीपमधून उतरले ते सरळ आमच्या दुकानापुढे आले. त्यांचा सदरा कुसुमच्या रक्ताने भरला होता. मी त्यांना कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं.

"शेटजी, तुमचा भाऊ बाहीर काढा."

भाऊ उठले. "तुळशीराम, पोरगी कशी हाये?"

"डोळा फुटता फुटता वाचला. अजितले बाहीर काढा."

काका स्वतःच बाहेर आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "तुळशीराम, मी वांदराले मारत होतो. पेरूवर. तुह्या पोरीकडं कायले मारीन बाप्पा?"

"तू मुद्दाम मारला असं मी म्हनतच नाही," मामा म्हणाले. "पन वाफ्यात खड्डा हाये. गोल हाये. तूच सांगतलं होतं नं मले, लोणारले? गोल खड्डा म्हनजे गोटा सरळ वरून. अन् वरती कोन होतं? वाफ्यावरती तुमची गच्चीच हाये. तुहंच सायन्स हाये हे!"

काकाने मान वर करून गच्चीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे भाषण नव्हतं. आज आठवलं की हसू येतं. पण तेव्हा कोणी हसलं नाही. मामा म्हणाले, सकाळी ठाण्यात जाऊन तक्रार देतो. वाफ्यातल्या खड्ड्यावर त्यांनी टोपलं पालथं घातलं, टोपल्यावर विळा ठेवला, आणि बजावलं, "पोलीस येईपर्यंत याले कोनी हात लावू नोका."

त्या दिवशी आम्ही जेवायला बसलो तेव्हा अजून चांगलं ऊन होतं, तरी काका आधीच पाटावर येऊन बसला होता. आईने त्याला भाकरी वाढली. त्याने ती तशीच ठेवली. प्रश्न नुसत्या तक्रारीचा नव्हता. ग्रामसेवकाच्या ऑर्डरआधी पोलिसांचा दाखला लागायचा. ठाण्यात नाव गेलं असतं तर ती नोकरी गेली असती, आणि त्याला घरात ठेवून किती दिवस चिडवणार? चिडवायलासुद्धा माणूस जरा उभा असावा लागतो. आणि भिंतीपलीकडची माणसं दुरावली असती, ते वेगळंच. मामींनी त्या संध्याकाळी आमच्याकडे यायची कोथिंबीर पाठवली नव्हती. आई दोनदा फाटकापर्यंत जाऊन आली.

मी काकाजवळ सरकून हळूच म्हटलं, "काका, तुमी नाही नं मारला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "नंदे, मलेच ठाऊक नाही," तो म्हणाला. "मी गोटे मारले. सगळे पेरूकडं मारले. पन सगळे कुठी पडले, ते मी पाह्यलं नाही. वांदरं पाह्यत होतो." मग भाकरी बाजूला सारून म्हणाला, "माहाच असन तर मी तुळशीरामच्या पायावर डोकं ठेवीन. पन माहाच हाये का, येवढं तरी कळावं."

मी ताटावरून उठले आणि कुसुमला पाहायला म्हणून फाटकातून गेले. ती घरात झोपली होती. मामींनी मला आत येऊ दिलं नाही आणि हाकललंही नाही. मग मी वाफ्याजवळ गेले, विळा बाजूला ठेवला आणि टोपलं उचललं. ऊन उतरलेलं होतं, त्यामुळे बारीकसारीक सगळं उठून दिसत होतं. खड्डा गोल होता, मामा खरं तेच म्हणत होते. पण राखेवर काळी माती उडाली होती, ती सगळी विहिरीच्या बाजूला. पंख्यासारखी पसरलेली. खड्ड्याची कडाही त्याच बाजूला उंच झाली होती आणि गिट्टी त्या कडेखाली अर्धी घुसली होती. रस्त्याच्या बाजूला राख पांढरी स्वच्छ होती, खड्ड्याच्या काठापर्यंत. मी टोपलं परत ठेवलं. विळाही ठेवला.

घरी येऊन मी भाऊंना सांगितलं. भाऊ कमी बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दुकानात गेले, आणि आईची मोठी परात भरून पांढरी रांगोळी घेऊन आले. वर मी गुलाल चाळला. मग काकाने परातीत सुपाऱ्या मारल्या. सरळ वरून टाकली की गुलालाखालची पांढरी रांगोळी चहूकडे सारखी उडे, फुलासारखी. तिरपी मारली की खड्डा गोलच, पण पांढरं सगळं पुढे. ज्या बाजूने सुपारी आली ती बाजू लालच. आम्ही कितीदा केलं! आईची परात, माझा फ्रॉक, काकाच्या मिशा, सगळं गुलालाने माखलं. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, या घरातलं कोणीतरी निवडून आलं.

भाऊंनी एकच प्रश्न विचारला. "नंदे, उद्या तुळशीरामसमोर हे केलं, अन् आपल्या विरुद्ध निघालं तर?"

मी फ्रॉकवरचा गुलाल झटकू लागले. तेव्हा तेच म्हणाले, "निघालं तर निघालं. खोटं तर नाही नं निघनार."

सकाळी मामा धुतलेला सदरा घालून ठाण्याला निघाले होते. भाऊ रस्त्यातच आडवे उभे राहिले. "तुळशीराम, जाय. मी अडवत नाही. फक्त माही पोरगी काय म्हनते ते पाहून जाय." मामा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "शेटजी, पोट्टीच्या खेळानं माह्या पोरीचे टाके निघनार नाहीत." पण भाऊंचा शब्द त्यांनी आजवर मोडला नव्हता. ते थांबले. मी त्यांना सांगितलं, "मामा, तसाच एक वाफा करा. तीच माती, तशीच राख. गोटे मी मारत नाही. तुमीच मारा."

हे मात्र त्यांना आवडलं असावं. वाडीत गोफण होती, पाखरं हाकायची. गोफणीत मामांचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं, आणि हे त्यांना माहीत होतं. त्यांनी वाफा ओढला, राख शिंपडली. आधी काकाला गच्चीवर पाठवलं. काकाने कठड्यावरून हात लांब करून एक गिट्टी नुसती सोडली. खड्डा गोल, काळी माती चारी बाजूंनी सारखी. मग त्याने गलोलीने पेरूच्या दिशेने खाली मारली. पहिली वाफ्याबाहेर गेली, दुसरी भेंडीत गेली. "आजूबाजूले नको मारू, वाफ्यात मार!" भाऊ खालून ओरडले, आणि जमलेल्या माणसांत पहिल्यांदा कोणीतरी फिसकन हसलं. तिसरी वाफ्यात पडली. खड्डा गोल. माती उडाली ती मामांच्या घराकडे.

"आता तुमी रस्त्यावरून मारा," मी म्हटलं.

मामा काट्यांपलीकडे जाऊन गिट्टीवर उभे राहिले, गोफण फिरवली आणि सोडली. गोटा कुंपणावरून सूं करत आला आणि वाफ्यात शिरला. खड्डा गोल. माती विहिरीकडे, पंख्यासारखी. मामा आले. त्यांनी तो खड्डा पाहिला. मग टोपल्याजवळ गेले, स्वतःच विळा काढला, टोपलं उचललं. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. त्यांनी नव्या वाफ्याजवळ उकिडवं बसून पांढऱ्या राखेवर बोट टेकवलं, मग जुन्या वाफ्याजवळ बसून टेकवलं. मग ते उठले, परत रस्त्यावर गेले, आणि या वेळी गोटा अगदी जमिनीलगत, सपाट सोडला. त्यांना स्वतःच्या समाधानासाठी आणखी एक पाहायचं असावं. गोटा वाफ्याला चाटून गेला, लांबट चर काढला, दोन्ही बाजूंना मातीचे पंख उडवले, पुन्हा उसळला आणि विहिरीवर ठेवलेल्या मामींच्या घागरीवर टण्णकन आदळला.

"हा पाहा माहा डोंगा!" काका गच्चीवरून नाचत ओरडला. "मी म्हनलं नव्हतं, तिरपा आला तर लांबट होते!"

"लय तिरपा आला तर," मी म्हटलं.

"तेच तर मी म्हनत होतो!"

मामी घागर उचलून पोचा पाहत होत्या. "एकाच्या सायन्सनं पोरगी फुटली, दुसऱ्याच्या सायन्सनं घागर," त्या म्हणाल्या. "आता बस करा."

तेवढ्यात दारातून कुसुमचा आवाज आला. डोक्याला पट्टी, एक डोळा सुजलेला, चौकटीला धरून उभी. "ट्रक गेला होता," ती म्हणाली. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. "माही मान खाली होती. ट्रकचा आवाज झाला, गिट्टी कडकड वाजली अन् मंग लागलं."

मामा म्हणाले, "अवं मंग काल काहून नाही सांगतलं?"

"मले कोनी विचारलंच नाही," कुसुम म्हणाली. "सगळे गच्चीकडंच पाहून राह्यले होते."

मामांनी टोपलं उचलून विहिरीपाशी ठेवलं. मग गच्चीकडे मान वर करून त्यांनी हाक मारली, "अजित, खाली ये." काका आला. तो मामांच्या पाया पडायला वाकला, मामांनी त्याला अर्ध्यातच धरला, आणि दोघेही एकमेकांना धरून तसेच वेडेवाकडे उभे राहिले. कोण कोणाची माफी मागत होतं ते कळत नव्हतं. दोघेही बोलत होते आणि दोघांचंही ऐकू येत नव्हतं. मग मामांनी धुतलेल्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या. "चाल," ते म्हणाले. "ठान्यात नाही. त्या मुकादमाकडं चाल. आज रोलर आला नाही तर मी त्याच्या गिट्टीवर कांदे लावतो." दोघे जोडीने रस्त्याच्या मुकादमाकडे गेले, आणि काकाचं राहिलेलं सगळं भाषण त्या माणसाला ऐकावं लागलं. त्याने ते किती सोसलं कोण जाणे, पण दुपारी रोलर आला.

काकाची ऑर्डर पुढे आली. मानोऱ्याकडच्या तांड्यांमध्ये त्याने सगळी नोकरी काढली, आणि तिथल्या लोकांनी त्याला कांद्याचं सगळं खायला घातलं. माझं म्हणाल तर त्याच आठवड्यात मामांनी भाऊंना दुकानात येऊन सांगितलं, "शेटजी, हे पोट्टी अकोल्याले सायन्सले पाठवा. इथी ठेवली तर तुमचं सगळं धान्य नासवन." आई म्हणाली, "अकोल्याले मेसमधी कांदा असते." भाऊ म्हणाले, "शिकून तर येऊ दे. कांद्याचा वास उतरवता येते, डोक्यात गेलेलं उतरवता येत नाही." मी पुढे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. वाळूच्या ट्रेमध्ये गोळ्या सोडून मुलांना हे सगळं दाखवलं, कोन मोजायला लावले. आकडे बरोबर येत, मुलं लिहून घेत. पण कोणाच्याही फ्रॉकवर गुलाल उडाला नाही, आणि एकाही मुलाचे प्राण कंठाशी आले नाहीत. मला त्या मुलांची थोडी कीव येई.

कुसुमचे टाके निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्याजवळ बसले होते. वाफ्यात बी पडलं होतं, मामी झारीने पाणी घालत होत्या. कुसुम पट्टीवरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, "नंदे, तुले येवढं सगळं कळते. गोटा कोन्या बाजूनं आला, कसा आला. मंग मले एक सांग. येवढी मोठी वाडी, येवढी माणसं. तो माह्याच कपाळावर काहून आला?"

मी खूप विचार केला. मला खरंच उत्तर द्यायचं होतं. शेवटी म्हटलं, "कुसुम, तुहं कपाळ येवढं रुंद हाये, तो बिचारा दुसरीकडं जाईन कुठी?"

तिने आधी ओठ दाबले. मग तिच्या नाकातून आवाज आला. मग दोन्ही हातांनी भुवई धरून ती म्हणाली, "हसवू नको वं, टाके तानते!" मी लगेच तोंडावर हात धरला आणि दुसरीकडे पाहू लागले. पण मामींनी झारी खाली ठेवून विचारलं, "काय झालं वं पोट्ट्याहो?" आणि मग आमच्या दोघींचंही काही चाललं नाही.